कागदावरचा अर्धा

कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला मैनानं स्कूटर थांबवली, पाय खाली टेकले, आणि समोरच्या फ्लेक्सवर तिला स्वतःचा हात दिसला. आधी नुसता हात दिसला. कुणाचा ते कळायला थोडा वेळ गेला, कारण आपला हात एवढा मोठा होऊन रस्त्यावर, विजेच्या तारांच्या पलीकडे टांगलेला असेल अशी अपेक्षा कुणी करत नाही. बाकी फ्लेक्सभर बोरस्ते सर होते. सूट, हसू, गळ्यात कुणीतरी कॉम्प्युटरवर चिकटवलेला हार. अमृतमहोत्सव, प्रयोगशाळेचं नामकरण, आणि खाली लाल अक्षरांत ‘कॉलेजच्या पहिल्या संगणकाचे शिल्पकार’. सरांच्या खांद्यामागे ते जुनं करडं मशीन, आणि मशीनच्या एका नॉबवर मनगटापर्यंतचा हात. मनगटात दोन काचेच्या बांगड्या आणि ढगळ पट्ट्याचं पुरुषी घड्याळ. घड्याळ वडिलांचं होतं. मूळ फोटोत ती अख्खी होती, सरांच्या शेजारी, जरा पुढे वाकलेली. फ्लेक्सवाल्यानं तिला कापत कापत मनगटापर्यंत आणलं असणार आणि मग त्याला कंटाळा आला असणार. बघणारे म्हणतील, सरांचाच हात. बांगड्या घातलेला? म्हणोत. फ्लेक्सकडे एवढं निरखून बघतो कोण.

“ओ मावशी, सुटला ना सिग्नल!” मागून रिक्षावाला ओरडला. पस्तीस वर्षं ती मॅडम होती, निवृत्त होऊन वर्ष झालं नाही तर मावशी झाली होती. एरवी ती हसली असती. आज तिला राग आला. राग तिला नवा नव्हता. उलट या रागाशी तिचा इतक्या वर्षांचा घरोबा होता की तो आला की आधी ओळखीचं बरं वाटायचं. तिनं स्कूटर कडेला, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी लावली आणि हर्षलला फोन केला. हर्षल तिचा विद्यार्थी, आता विभागप्रमुख. त्याचा फोन दोन दिवसांपूर्वी येऊन गेला होता, आणि तेव्हा तिनं गुडघ्यांचं कारण सांगून त्याला वाटेला लावलं होतं.

“हर्षल, ते पॉट लावायचं म्हणत होतास ना. येते मी.”

“मॅडम! अहो पण तुमचे गुडघे?”

“गुडघ्यांनी नाही लावत कुणी पॉट.”

“फार बरं झालं मॅडम. मशीन सुरू केलंय आम्ही, सगळे कपॅसिटर बदलले. पण ते पॉटचं काम आमच्यात कुणालाच येत नाही हो. यूट्यूबवर पण धड काही सापडत नाही.”

“सापडणार नाही,” ती म्हणाली. फोन ठेवल्यावर आपला आवाज किती खुशीत होता हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची थोडी भीती वाटली. मग तिनं एक ग्लास रस मागवला, आलं जास्त घालून, आणि फ्लेक्सकडे पाठ करून सावकाश प्याली.

त्या मशीनला आज कुणी संगणक म्हणणार नाही. त्याला पडदा नाही, टाईप करायला कळा नाहीत, त्याच्यात काही साठवता येत नाही. ते आकडेमोड करत नाही, तर समोरच्या गोष्टीसारखं वागून दाखवतं. एखाद्या खोलीचं तापमान कसं चढेल-उतरेल, त्याचं समीकरण रंगीत वायरी भोकांमध्ये खोचून मांडायचं. समीकरणात जितके सहगुणक, तितके नॉब फिरवायचे. त्या नॉबचं नाव पोटेन्शिओमीटर, पण ते पूर्ण नाव फक्त परीक्षेत लिहायचं असतं, एरवी सगळे पॉट म्हणत. पॉट लावले की स्विच दाबायचा, मशीनमध्ये विजेचा दाब खोलीतल्या तापमानासारखा चढू-उतरू लागतो आणि पेन सरकत्या कागदावर रेघ काढतं. ती रेघ म्हणजे उत्तर. मैनानं तेव्हा, पंचविशीत, पिंपळगावच्या द्राक्षांसाठी थंड खोलीचं गणित मांडलं होतं. द्राक्षं आत आली की खोली तापते, यंत्र ती गार करायला धावतं, जास्तच गार करतं, मग थांबतं, मग पुन्हा तापते. हे हेलकावे शांत व्हायला हवेत. त्यासाठी एक सहगुणक होता, आवर घालणारा. तो अर्धा ठेवला की रेघ दोनतीनदा हलून गपगुमान सरळ होई. तो थोडा जरी कमी पडला तरी हेलकावे वाढत वाढत जात आणि कागदावरची द्राक्षं एकदा उकडत, एकदा गोठत.

आता पॉटची एक खोड होती. तो मोकळा असताना डायलवर जेवढं लावाल तेवढं देतो. पण त्याच्या पुढे वायर जोडून भार टाकला की तो खचतो. डायल म्हणते अर्धा, आणि हातात येतं त्याहून कितीतरी कमी. म्हणून रीत अशी की आधी वायरी जोडायच्या, भार टाकायचा, मग शेजारच्या मीटरच्या काट्यावर डोळा ठेवून नॉब फिरवायचा, मीटर अर्धा म्हणेपर्यंत. डायलकडे बघायचंच नाही. आवर घालणाऱ्या त्या पॉटला मीटरवर अर्धा मिळवायचा तर डायल शंभरपैकी बासष्टवर न्यावी लागे. यात काही तत्त्वज्ञान नाही. निवृत्तीच्या समारंभात एका सहकाऱ्यानं यावरून ‘माणसावरही भार आल्याशिवाय’ वगैरे भाषण ठोकलं होतं, तेव्हा मैनाला उठून जावंसं वाटलं होतं. हे फक्त रोधांचं गणित आहे, दुसऱ्या वर्षाला असतं. बोरस्ते सरांनाही ते येत होतं, फळ्यावर तर फारच सुंदर येत होतं. पण मशीनशी उभं राहिलं की त्यांना घाई होई. अर्धा म्हणजे अर्ध्यावर, असं म्हणून ते डायल बघून नॉब फिरवीत आणि निघून जात, आणि मागून मैना मीटर बघून तो परत लावी. हे दोन वर्षं चाललं होतं. तिला त्याचं काही वाटत नसे. तिला वाटे, मोठ्या माणसाच्या मागून असं आवरून ठेवणं हेच आपलं शिक्षण.

घरी आली तेव्हा तिचा नवरा महेश गॅलरीत पेपर वाचत होता. देवळाली कॅम्पात त्यांचं घर, आणि दूर माळावर तोफांचा सराव चालू होता. एकेक दणका आला की कपाटाच्या काचा थरथरत, आणि दोघंही बोलता बोलता थांबून पुन्हा बोलायला लागत. इतक्या वर्षांची सवय.

“मी जाणार आहे सरांच्या कार्यक्रमाला,” ती म्हणाली.

“त्याच सरांच्या?”

“त्याच.”

“अगं, पंच्याहत्तरीचा माणूस तो आता. मागच्या महिन्यात बाजारात दिसला, बायकोचा दंड धरून चालत होता. सोडून दे की. काय करणारेस तू त्याला?”

“काही नाही. पॉट बरोबर लावून देणार आहे.”

महेशनं चष्म्यावरून बघितलं. लग्नानंतर कधीतरी तिनं त्याला सगळं सांगितलं होतं, आणि त्यानं ते ऐकून घेऊन, बायकांच्या नोकरीत असं व्हायचंच, असं म्हटलं होतं, आणि त्यासाठी त्याला बरीच वर्षं अधूनमधून खारट आमटी मिळाली होती. “त्याचीच भीती वाटते,” तो म्हणाला आणि पेपरात डोकं घातलं.

रात्रभर तिच्या डोक्यात ती दुपार चालू होती. दिल्लीहून समिती आली होती, प्रयोगशाळेला मोठा निधी मिळणार होता. मैनानं सकाळपासून एकटीनं सगळे पॉट लावले होते. मीटरचा काटा रेघेवर येऊन थांबला की तिचा श्वास आपोआप थांबे, ही सवय घरची. वडील नामपूरच्या कांदा मार्केटात तोलणार होते. काटा थरथरत असताना शेतकरी आणि व्यापारी दोघंही ओरडत, पण वडील काटा थांबल्याशिवाय तोंडातून आकडा काढत नसत. पाहुणे दारात आले आणि सर पुढे होऊन मशीनपाशी गेले. कागद बघितला, डायल बघितली. कागदावर अर्धा, डायलवर बासष्ट. त्यांच्या कपाळाला आठी पडली, पोरीनं घोळ घातला असं त्यांना वाटलं, आणि तिच्याकडे न बघता त्यांनी नॉब फिरवून अर्ध्यावर आणला. ती “सर” म्हणाली. ते ऐकू येण्याइतकं मोठं नव्हतं. स्विच दाबला गेला. पेन हललं, मग जास्त हललं, मग कागदाच्या दोन्ही कडांना जाऊन आपटायला लागलं. विजेचा दाब हाताबाहेर गेल्याचे लाल दिवे मशीनवर लागले. दिल्लीच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. आणि सर वळून सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, कांदे तोलायचं माप इथे चालत नाही. नामपूरहून थेट प्रयोगशाळेत उचलून आणलं की हे असं होतं.” मग तेच त्यांनी जरा सौम्य करून पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं. सगळे हसले. हसणं वाईट नव्हतं, एखाद्या लहान मुलानं काही सांडल्यावर हसतात तसं होतं, आणि म्हणूनच ते आजपर्यंत टिकलं.

तिनं तेव्हा तोंड का उघडलं नाही? हा प्रश्न तिनं स्वतःला इतक्यांदा विचारला होता की आता त्याला झीज लागली होती. खरं कारण मूर्खपणाचं होतं. तिला वाटलं होतं, एवढं उघड आहे, संध्याकाळपर्यंत सरांच्या लक्षात येईलच. ती संध्याकाळपर्यंत थांबली. मग आठवडाभर थांबली. मग एके दिवशी केबिनमध्ये जाऊन म्हणाली, “सर, तो पॉट भाराखाली...” आणि सरांनी हात वर करून तिला थांबवलं. “झालं गेलं, बाई. मी मनावर घेतलेलं नाही.” म्हणजे त्यांनी तिला माफही करून टाकलं होतं. पवईला पीएचडीसाठी पाठवायचं नाव त्या वर्षी दुसऱ्याचं गेलं, पुढच्या वर्षी तिसऱ्याचं. तेही तिनं कधीतरी गिळलं असतं. पण नामपूरचा एक मुलगा कॉलेजात होता आणि त्याच्या तोंडून ती गोष्ट तिखटमीठ लावून मार्केटपर्यंत पोचली. तोलणाऱ्याच्या पोरीला काटा वाचता येत नाही. वडिलांच्या जोडीचे तोलणार त्यांना चिडवू लागले. ती सुट्टीला घरी गेली तेव्हा वडील अंगणात बसले होते. तिनं सगळं समजावून सांगायला सुरुवात केली, भार, डायल, मीटर, आणि वडिलांनी ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, “चूक व्हयनी व्हई ते मानी ले, बेटा. काटा खोटं नही बोलस.” त्यांनी पुन्हा तिला तिच्या कामाबद्दल कधी विचारलं नाही. आधी प्रत्येक सुट्टीत विचारायचे, काय मोजतेस, कसं मोजतेस. ते गेले तेव्हाही त्यांच्या मनात तिची चूक तशीच होती, आणि ती आता काढायला कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत गेली. मशीन तापलं होतं. धूळ आणि वार्निश भाजल्याचा तो वास नाकात गेला आणि तिचे डोळे भरून आले. याचा तिला संताप आला, रडायला ती आली नव्हती. तिनं स्टूल ओढलं, वायरी एकेक करून जोडल्या, आणि बोटं नॉबवर ठेवली. बोटांना सगळं आठवत होतं. नॉब फिरताना आत तार सरकल्याची बारीक खरखर लागते ती, काटा रेघेजवळ आला की द्यायचा तो केसाएवढा झटका, आणि मग थांबायचं ते. हर्षल मागे उभा राहून बघत होता, आणि तिच्या पाठीला कळत होतं की त्याला हे सगळं फार गोड वाटतंय, आजीच्या पुरणपोळीसारखं. शेवटी तिनं आवर घालणारा पॉट लावला. मीटर अर्धा, डायल बासष्ट. स्विच दाबला. रेघ उठली, वाकली, एकदा थोडी खाली गेली, आणि सरळ होऊन पुढे चालू लागली. इतकी स्वच्छ, इतकी शहाणी रेघ. हिच्यावरून सगळे हसले होते.

“झकास,” हर्षल म्हणाला. “आता मॅडम, उद्या असं करू. सगळं आपण लावूनच ठेवू. सरांचा हात फार थरथरतो, तर ते फक्त स्विच दाबतील.”

रात्रभर तिनं जे बांधलं होतं ते एका वाक्यात कोसळलं असतं. ती म्हणाली, “हर्षल, स्विच कुणीही दाबेल. दिवा तर कुणीही लावतं. शेवटचा पॉट सरांनी स्वतः लावायला हवा, सगळ्यांसमोर. शिल्पकार म्हणता ना तुम्ही त्यांना?”

“व्वा मॅडम,” हर्षल म्हणाला. “काय आयडिया आहे! आकडा मोठ्या अक्षरात लिहून ठेवू समोर, म्हणजे त्यांना शोधायला नको.”

“मी लिहिते,” ती म्हणाली. जाड मार्करनं तिनं पुठ्ठ्यावर लिहिलं, ०.५००. खरा आकडा. त्यात काडीचंही खोटं नव्हतं. मीटर तिनं जोडूनच ठेवला, सरांच्या डोळ्यांसमोर येईल असा, त्याची काच ओढणीच्या टोकानं पुसली. त्यांनी एकदा मीटरकडे बघितलं तर ते सुटतील. ही सोय तिनं त्यांच्यासाठी ठेवली की स्वतःसाठी, हे ती स्वतःला विचारत बसली नाही. ती फक्त रीत होती ती करत होती. भार टाकलेला होता, मीटर जोडलेला होता, आकडा लिहिलेला होता. मग तिनं तो पॉट फिरवून शून्यावर नेला. नॉब सोडताना बोटं इतकी हलकी झाली की तिला घाणेरडं वाटलं, आणि घाणेरडं वाटूनही बरं वाटलं.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. संस्थेचे पदाधिकारी पुढच्या रांगेत, मागे प्राध्यापक, त्यांच्यामागे विद्यार्थी, निम्मे मोबाईलमध्ये. मशीन स्टेजवर आणलं होतं आणि पेनाच्या कागदावर कॅमेरा लावून त्याचं चित्र मागच्या मोठ्या पडद्यावर सोडलं होतं. सर काठी टेकत आले. फ्लेक्सवरच्या सरांतली कुणीतरी हवा काढून घेतल्यासारखे हे सर दिसत होते. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल, मान आत गेलेली, ओठ सतत काहीतरी चघळल्यासारखे हलणारे. हा? याच्यासाठी ती रात्र रात्र जागली? महेश म्हणाला होता ते खरं होतं, याला आता काय करायचं राहिलं होतं? याच्या हातात पॉट दिला तर तो धड फिरवूही शकणार नाही. तिला एकदम दमल्यासारखं झालं. ती पुढे होऊन सरांना आधार देऊन मशीनपाशी घेऊन आली, आणि त्या दोन-चार पावलांत तिनं ठरवून टाकलं की सांगायचं, सर, मीटर बघा. एवढंच तर सांगायचं होतं.

सरांनी तिच्याकडे बघितलं. पाणावलेले डोळे बारीक केले. “मैना ना तू? नामपूरची?”

“हो सर.”

“वडील तोलणार होते तुझे. बरे आहेत?”

“गेले सर. खूप वर्षं झाली.”

“अरेरे. फार सरळ माणूस. माझ्याकडे आले होते एकदा.”

“कोण?”

“तुझे वडील. बंगल्यावर आले, कांद्याचं पोतं घेऊन. बसा म्हटलं तर बसेनात. दारातच हात जोडून उभे. म्हणाले, साहेब, मुलीची चूक पदरात घ्या, लहान शे ती.” सर हसले, मनापासून, मायेनं हसले. “मी म्हटलं, अहो, मी केव्हाच विसरलो. कांदे मात्र फर्स्टक्लास होते हो.”

तिला हॉलमधला आवाज ऐकू येईना. वडील नाशिकला येऊन गेले. तिला न सांगता. एसटीच्या टपावर पोतं टाकून, धुतलेलं धोतर नेसून, पत्ता विचारत विचारत या माणसाच्या दारात उभे राहिले. सगळ्या मार्केटात ज्यांच्या तोंडच्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं ते, दुसऱ्यानं फिरवलेल्या नॉबसाठी हात जोडून उभे राहिले. आणि यानं पोतं ठेवून घेतलं. कांदे खाल्ले. तिला वडिलांचे ते जोडलेले हात दिसले, तळव्यांना लोखंडी वजनांनी घट्टे पडलेले. त्या हातांच्या पलीकडे या माणसाचं म्हातारपण, त्याची थरथर, त्याची बायको, सगळं पुसलं गेलं. दमणूक गेली. आतून ती अगदी थंड आणि टवटवीत झाली.

सूत्रसंचालन करणारी मुलगी माइकवरून सांगत होती की आता आदरणीय सर स्वहस्ते शेवटचा सहगुणक स्थापित करतील. सरांनी काठी मशीनला टेकवली. हात नॉबकडे नेला. त्यांनी पुठ्ठ्यावरचा आकडा वाचला आणि मग, काय वाटलं कुणास ठाऊक, मान वळवून तिला विचारलं, “अर्ध्यावर ना?”

मीटर त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होता.

“कागदावर अर्धाच आहे, सर,” मैना म्हणाली.

सरांनी नॉब फिरवला. डायल तिनं आदल्या दिवशी तेल देऊन सोपी केली होती. सरांनी चष्मा नाकावर सरकवून डायल अगदी अर्ध्यावर आणली, पुन्हा थोडी मागेपुढे केली, अगदी मन लावून, आणि मीटरकडे पाहिलं नाही. स्विच त्यांनीच दाबला. पेन हललं. पडद्यावर एक लाट आली. मग तिच्याहून मोठी लाट आली. मग त्याहून मोठी. लाल दिवे लागले, एक, दोन, मग सगळे. पेन कागदाच्या डाव्या कडेला जाऊन ठक्क आपटलं, उजव्या कडेला जाऊन ठक्क आपटलं.

आणि हॉलनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. अध्यक्ष उभे राहून वाजवत होते. विद्यार्थ्यांनी मोबाईल वर केले, मागून कुणीतरी शिट्टी मारली. एवढ्या मोठ्या लाटा, एवढे दिवे, पन्नास वर्षांचं म्हातारं मशीन. “मॅडम, लाल दिवे...” हर्षल तिच्या कानाशी पुटपुटला. “असतात,” ती म्हणाली, आणि तो मान डोलावून पाहुण्यांकडे वळला. तिनं रांगांवरून नजर फिरवली. एवढे प्राध्यापक, एवढ्या पदव्या. एकाच्याही कपाळाला आठी नव्हती. सर स्वतः टाळ्या वाजवत होते, काठीवाचून डुलत, लहान मुलासारखे. तिला वाटलं आता आपण ओरडू. तेव्हा कुणाला कळलं नाही म्हणून ती मेली होती, आणि आजही कुणालाच कळत नव्हतं. ती भर सभेत त्याला पाडून बसली होती आणि सभा त्याला ओवाळत होती.

तेवढ्यात सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीच्या हातात कुणीतरी चिठ्ठी दिली. ती गोंधळली, मग म्हणाली की क्षमस्व, सुरुवातीलाच घ्यायचं ते राहून गेलं, संस्थेचे दिवंगत शिक्षक, कर्मचारी आणि पालक यांना आदरांजली म्हणून आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या. खुर्च्या सरकल्या. सगळा हॉल उभा राहिला, माना खाली गेल्या, मोबाईल खिशात गेले. टाळ्या थांबल्या, पंख्यांची घरघर तेवढी उरली. आणि पेन.

ठक्क. डावीकडे. ठक्क. उजवीकडे.

मशीन बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं आणि आता कुणाला हलता येत नव्हतं. सरांनी मान खाली घातली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर, मान जेवढी खाली जाते तेवढ्यावर, कागद सरकत होता. मैना त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ओठांचं चघळणं थांबलं. डोळे पेनाबरोबर डावीकडे गेले, उजवीकडे गेले, पुन्हा डावीकडे. मग ते पेन सोडून लाल दिव्यांवर गेले. तिथून डायलवर. तिथे बराच वेळ थांबले. आणि मग, काहीतरी शोधत, अगदी हळू, मीटरवर. मीटरचा काटा अर्ध्याच्या किती खाली होता ते मागच्या रांगेतूनही दिसलं असतं, कुणी बघितलं असतं तर. त्यांनी मान वळवून मैनाकडे बघितलं. शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस होता तो, त्याला फार वेळ लागला नाही. आजचं कळलं, आणि त्याच्यामागून ते जुनंही सगळं कळत गेलं. चेहऱ्यावर ते एकेक पायरी उतरताना तिला दिसलं, आणि अगदी शेवटच्या पायरीला, तिला वाटलं, कांद्याचं पोतं असणार.

त्यांचा हात उठला. नॉबच्या दिशेनं पुढे आला. एवढा एक नॉब थोडा पुढे फिरवला की सगळं शांत होणार होतं, रेघ सरळ होणार होती. मैनानं हात पुढे करून त्यांचं मनगट धरलं. फार घट्ट नाही.

“सर,” ती त्यांच्या कानाशी म्हणाली, “श्रद्धांजली चालू आहे. हलायचं नसतं.”

सरांनी हात खाली घेतला आणि दोघं शेजारी शेजारी उभी राहिली. दोन मिनिटं संपायला अजून बराच वेळ होता.